मृत साठ्यावरचे पक्षी

जागा : उमरेड रोड सोडून आत वळल्यावर लागणारा एक जुना सिंचन तलाव. नागपुरातल्या मानेवाड्याहून निघालं की पाऊण-एक तास. गावाचं नाव या नोंदींत येणार नाही. हंस उतरल्याची बातमी फुटली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गाड्यांची रांग लागते आणि दोन दिवसांत पक्षी जागा सोडतात, हे आम्ही दुसऱ्या एका तलावावर पाहिलं आहे.

गेज : म्हणजे पाण्याची पातळी. कालव्याच्या गेटचा उंबरठा म्हणजे शून्य. त्याच्या वरचं पाणी कालव्यात सोडता येतं. खालचं येत नाही, त्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेत मृत साठा म्हणतात. उणे आकडा म्हणजे पाणी उंबरठ्याच्या खाली.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. गेज २.१० मी.

भाची प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिला एका तलावावरच्या पक्ष्यांची यादी करायची होती आणि सोबतीला घरातलं कोणी हवं होतं. मी बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. पक्ष्यांतलं मला टिटवी आणि बगळा यापलीकडे फारसं कळत नव्हतं. म्हणून वाटणी अशी ठरली की पक्षी तिने मोजायचे आणि पाणी मी. राज्याचा पक्षी सप्ताह सुरू आहे, ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस ते १२ नोव्हेंबरला सलीम अलींची जयंती. त्यातलाच रविवार धरला.

साडेसहाला पाळीवर. पाळ पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी येतं, ही मोठी सोय. ऊन समोरून आलं की पाण्यावरचं प्रत्येक बदक नुसतं काळं दिसतं.

तलाव काठोकाठ भरलेला. मला समाधान वाटलं, सवयीने मी आधी रब्बीला कालव्यातून पाण्याच्या किती पाळ्या सोडता येतील याचा हिशेब केला. भाचीचा चेहरा मात्र पडला. एवढ्या पाण्यावर तीसेक वारकरी, पाच टिबुकल्या, मधोमध छोट्या लालसरीचा एक थवा, वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. शेपटाकडे, म्हणजे जिथून पाणी तलावात येतं त्या टोकाला, बेशरमाच्या झुडपांत दोन जांभळ्या पाणकोंबड्या. संपलं. तिची यादी अर्ध्या पानातच थांबली.

वारकरी हे पक्ष्याचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि सगळे घोळक्याने एकाच दिशेने चाललेले. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने नीट पाहिलं होतं.

गेटच्या भिंतीवर जुनी गेज पट्टी आहे, पण रंग उडालाय. सेंटिमीटरच्या खुणा नव्याने रंगवल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार. गेज १.८६ मी.

हरभऱ्यासाठी पहिली पाळी सुटली आहे. कालवा वाहताना ऐकणं मला अजूनही आवडतं.

बदकं आली आहेत, साठ-सत्तर. पण ओळखण्यात आम्ही दोघेही फसलो. मला वाटायचं नर बदक रंगीत असतं, पुस्तकात तसंच चित्र असतं. इथे सगळीच मातकट. भाचीने घरी जाऊन वाचलं तेव्हा उलगडलं : वीण संपली की नर आपला रंगीत पिसारा टाकतात आणि काही महिने मादीसारखेच दिसतात. नुकते आलेले नर अजून त्याच वेषात आहेत. रंग सोडून आकार पाहायचा. थापट्याची चोच उलथन्यासारखी पुढे पसरट, तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार, चक्रांग सगळ्यांत लहान. मागच्या खेपेची यादी तिने या नजरेने तपासली आणि दोन नोंदींवर काट मारली. वही फाडून नवीन करू नकोस, काट दिसू दे, एवढंच मी सांगितलं. मोजमाप पुस्तिकेत आम्ही कधी खाडाखोड लपवली नाही.

इथली कायमची रहिवासी हळदी-कुंकू बदकं मात्र लगेच ओळखू आली. चोचीच्या टोकाला पिवळा, बुडाशी लाल ठिपका.

८ डिसेंबर, रविवार. गेज १.४८ मी.

आजची नोंद मोठी आहे, कारण प्रकल्पाचा विषय आज बदलला.

पाळीच्या टोकाशी ढीवर समाजाचे एक काका जाळं सोडवत बसले होते. गेली कित्येक वर्षं ते या तलावावर आहेत, मच्छीमार संस्थेचे सभासद. आमची दुर्बीण बघून म्हणाले, "काय मोजून राहिले जी सायेब?" पक्षी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "अजून पानी जास्त हाय. पानी उतरू द्या, मंग पाहा. भरल्या तलावात थे खाईन काय? त्याईचं पोट काठावर असते."

बत्तीस वर्षं मी तलावाचा साठा किती घनमीटर एवढंच पाहत आलो. काठाचा विचार केला तो पाळीच्या दगडी पिचिंगचा, लाटांनी माती वाहून जाऊ नये म्हणून. समोरचा काठ, जिथून पाणी येतं तो शेपटाचा उतार, आमच्या नकाशावर एक रेघ होता.

काकांनी डोंग्यात घेतलं. मी बांबूवर दर पाच सेंटिमीटरला खूण केली होती. पक्षी जिथे चरत होते ती जागा भाचीने काठावरून दाखवायची, ते उठून गेल्यावर आम्ही तिथे जाऊन बांबू टेकवायचा. सकाळभर हेच केलं. चक्रांग जिथे शेपूट वर करून डोकं बुडवत होते तिथे १२ ते १८ सेंटिमीटर. तलवार बदकांच्या जागी ३० च्या आसपास, मान लांब म्हणून त्यांना तेवढं जमतं. शेकाट्या त्या लालभडक काड्यांसारख्या पायांवर १० सेंटिमीटरमध्ये उभा होता. छोटा कंठेरी चिखल्या पाण्यात उतरतच नव्हता, त्याला नुसती ओल हवी. लालसरी मात्र बुडी मारणारी, तिच्याखाली बांबू दीड मीटर आत गेला. म्हणजे भरल्या तलावात १० नोव्हेंबरला बदकांपैकी तीच का दिसली होती, ते कळलं.

एवढ्या मोठ्या तलावात बहुतेकांच्या कामाचं पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं. बाकी सगळं पाणी त्यांना झोपायला आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून लांब राहायला.

परत आल्यावर मी डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, काढली. निवृत्तीच्या वेळी मित्राने दिलेली, घरी पडून होती. शेपटाकडचा उतार मोजला, सुमारे १५० ला १. म्हणजे पाणी १० सेंटिमीटर उतरलं की १५ मीटर रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. पाळीच्या बाजूला उतार अडीचला एक, तिथे तेच १० सेंटिमीटर उतरलं की जेमतेम पाव मीटर दगड उघडा. तलाव तोच, पाणी तेवढंच उतरलेलं, आणि एका काठावर साठपट जास्त जेवण वाढलेलं.

भाचीने वहीच्या पहिल्या पानावरचं "पक्ष्यांची यादी" खोडून "पाणीपातळी, काठाचा उतार आणि पाणपक्षी" असं लिहिलं.

२२ डिसेंबर, रविवार. गेज १.३० मी.

धुकं. आठ वाजेपर्यंत दहा मीटरपलीकडचं दिसलं नाही, फक्त आवाज. अडईची शीळ, वारकऱ्यांचं भांडण, आणि लांबून टिटवी. गणना नाही. गेज वाचून परत.

२५ डिसेंबर, बुधवार. शहरात.

सुट्टी होती म्हणून शहरातल्या एका तलावावर गेलो, तुलनेसाठी. नागपूर तलावांचं शहर आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, गोरेवाडा ही नावं इथल्या पोरांना पाठ असतात. आज पाहिलेल्या तलावाचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका तलावाचा नाही आणि मीही अशीच कामं करून घेतली आहेत.

चारही बाजूंनी उभी दगडी भिंत, वर फरसबंदी, कठडा, दिवे. लोक फिरतात, म्हाताऱ्यांना बसायला जागा आहे, ते चांगलंच आहे. पाणी भिंतीला लागून थेट खोल. भिंतीच्या कडेने बांबू सोडला, दोन मीटरला तळ लागला नाही. चिखल कुठेच नाही, गवत नाही. तासाभरात सात पाणकावळे, एक कवड्या खंड्या, घारी. शेकाट्याने तिथे उभं राहायचं कुठे?

भाची म्हणाली, "मामा, हा तलाव म्हणजे ताट आहे आणि जेवण कोणी वाढलंच नाही." माझ्या तोंडून काही निघालं नाही. निवृत्तीच्या आधी एका तलावाचा काठ असाच सरळ करायच्या अंदाजपत्रकावर माझी सही आहे. तिथे पाणपक्षी उतरायचे की नाही, हा प्रश्न कोणत्याही कागदावर नव्हता आणि माझ्याही मनात नव्हता.

जाताना गोरेवाड्याला डोकावलो. हाही शंभर वर्षांहून जुना, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. पण जंगलाकडचा काठ तसाच सोडलाय, आणि त्या काठावर रंगीत करकोचे पाण्यात चोच उघडी ठेवून उभे होते.

५ जानेवारी २०२५, रविवार. गेज १.०८ मी.

पट्टकदंब आले.

पाळीवर चढण्याआधीच आवाज आला, हॉर्नसारखा पण मऊ. शेपटाकडच्या चिखलावर राखाडी रांग. डोक्यावर दोन काळे पट्टे, दुर्बिणीतून स्पष्ट. भाचीने माझा हात इतका घट्ट धरला की घड्याळाचा पट्टा रुतला.

हे हंस मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. ट्रान्समीटर लावलेल्या हंसांची हिमालय ओलांडताना ७,२९० मीटर उंचीपर्यंतची नोंद आहे. त्या उंचीवर माणसाला ऑक्सिजनशिवाय चार पावलं टाकणं कठीण. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त चांगला पकडतं, असं तिने वाचून दाखवलं. आणि एवढं करून ते उतरतात ते आपल्या हरभऱ्याच्या शेजारी.

मोजणीची पद्धत आज पक्की केली. थव्यातले दहा पक्षी एकेक मोजायचे, त्या दहांचा पसारा डोळ्यात भरायचा आणि तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा एकमेकांना सांगायचा नाही, वहीत लिहूनच दाखवायचा. हंस तिचे ११२, माझे १०५. तिसऱ्यांदा मोजून ११० लिहिले. बदकांत मात्र तिचा आणि माझा आकडा पन्नासने वेगळा आला. थापट्या सतत फिरतात, गोल गोल रांगेने पाणी ढवळत जातात, तेच पक्षी मी दोनदा मोजले असणार.

नरांना आता रंग चढलाय. तलवार बदकाच्या मानेवरची पांढरी रेघ, चक्रांगाचं तपकिरी-हिरवं डोकं. नोव्हेंबरमध्ये ज्यांना ओळखता आलं नव्हतं तेच हे.

काठाला लागून ज्यांचा हरभरा आहे ते शेतकरी दादा बोलायला आले. रात्री हंस शेतात उतरतात, कोवळे शेंडे खातात. "दिवसा पाहाले लय गोजिरवाणे दिसते जी. रातच्याले मले जागरन असते." त्यांनी कधी फटाका लावला, कधी पत्र्याचा डबा वाजवला. विष किंवा फासा कधी नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. हेही वहीत लिहिलं. हंसांच्या संख्येखाली त्या माणसाच्या जागरणाची नोंद नसेल तर नोंद अर्धी राहील.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत. मानेवाडा.

तलावावर गेलो नाही. दुपारी गल्लीतल्या कडुनिंबावर एक ढोकरी उलटी लटकलेली दिसली, पंखात नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो अजून विकत मिळतो. शेजारच्या पोरांनी शिडी आणली. मांजा ओढायचा नाही, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना कापायचा, अंगात रुतलेला तसाच ठेवायचा, हे भाचीने फोनवर सांगितलं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवली आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेली. पंखाचा स्नायू कापला गेलाय. ठेवून घेतली.

ज्या पोराने शिडी धरली होती त्याच्याच हातात चक्री होती. त्याने संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आणून ठेवली, काही बोलला नाही.

१९ जानेवारी, रविवार. गेज ०.७८ मी.

जानेवारी म्हणजे आशियाई पाणपक्षी गणनेचा महिना. १९८७ पासून आशियातल्या देशांत याच महिन्यात स्वयंसेवक पाणपक्षी मोजतात, म्हणजे सगळीकडचा आकडा एकाच हंगामाचा मिळतो. आमची आजची मोजणी त्यासाठी पाठवली. फॉर्ममध्ये पाण्याची स्थिती लिहायला जागा असते. माझा गेजचा आकडा तिथे गेला, याचा आनंद मला झाला तो लपवत नाही.

हंस १४०, तलवार बदकं दोनशेच्या वर, चक्रवाक आठ. चक्रवाक जोडीजोडीने बसतात. रात्री एकमेकांपासून दुरावतात असं जुन्या काव्यात आहे. आमच्यासमोर तरी दोघं जवळजवळच बसून होते, सोनेरी-तांबडे, सकाळच्या उन्हात दिव्यासारखे.

२ फेब्रुवारी, रविवार. गेज ०.४७ मी.

पाणथळ दिन. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला त्याचा दिवस. महाराष्ट्रातल्या रामसर जागा तीन : नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. विदर्भात लोणार एकच.

घरी बसून २०१७ चे केंद्राचे पाणथळ नियम वाचले. रामसरच्या व्याख्येत माणसाने बांधलेली पाणथळही येते. आपल्या नियमांत मात्र पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी आणि करमणुकीसाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. मी हे वाक्य तीनदा वाचलं. पूर्व विदर्भातले तलाव बांधलेले कोणी आणि कशासाठी? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते शेतीसाठीच बांधलेले. बांधण्यात कोहळी समाजाचं नाव आदराने घेतलं जातं. दोन-तीनशे वर्षांत त्या पाण्यात कमळ, देवधान, शिंगाडा रुजला, मासे आले, पक्षी आले. आणि नियमाच्या भाषेत ते अजून शेताची टाकी आहेत.

वगळण्यामागचं कारण मला कळतं. उद्या शेतकऱ्याला पाणी सोडायला परवानगी मागावी लागली तर तलाव ज्यासाठी बांधला तेच अडेल. आमच्या नोंदी तर सांगतात की पाणी सोडल्यामुळेच इथे पक्षी आहेत. पाणी अडवून ठेवलं असतं तर १० नोव्हेंबरचं अर्धं पान तसंच राहिलं असतं. मला काळजी पाणी सोडण्याची नाही, काठाची आहे. काठावर भर टाकली, भिंत उभी केली तर विचारणारा नियम कोणता, ते मला या कागदात सापडलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. गेज ०.२२ मी.

आजवरची सगळ्यांत मोठी संख्या. बदकं, हंस, चिखलावरचे सगळे मिळून अकराशेच्या वर. शेवटची पाळी दोन दिवसांपूर्वी बंद झाली. शेपटाकडे आता दोनशे-अडीचशे मीटर रुंद ओली जमीन आहे, तिच्यावर हिरवी लव आली आहे आणि हंस दिवसाही तिथेच चरतात. शेतकरी दादा म्हणाले, आठ दिवस झाले, शेतात उतरले नाहीत. हरभरा घाट्यावर आलाय, शेंडा निबर झालाय, आणि काठाला कोवळं गवत आहे. कारण दोन्ही असतील.

भाचीने आलेख काढलाय. आडव्या रेघेवर गेज, उभ्या रेघेवर पक्षी. डिसेंबरपासून पाणी खाली, पक्षी वर. एका हंगामावरून फार बोलू नये, स्थलांतराचा काळही तोच असतो, पाणी पूर्ण भरलेलं राहिलं असतं तरी जानेवारीत काही पक्षी वाढलेच असते. हे तिने स्वतः लिहिलं, मला सांगावं लागलं नाही. पण कोणता पक्षी कुठल्या खोलीत चरतो, ही बांबूची मापं आता शंभराच्या वर आहेत आणि ती डिसेंबरशी जुळतात.

पाणलावा आज पहिल्यांदा दिसला. दिसला म्हणजे पायाखालून उडाला.

२ मार्च, रविवार. गेज उणे ०.०२ मी.

पाणी उंबरठ्याखाली गेलं. नोकरीत असतो तर आज रजिस्टरमध्ये "उपयुक्त साठा निरंक" लिहून पान मिटवलं असतं.

त्या निरंक साठ्यावर आज सहाशे-सातशे पक्षी होते. नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत होता. रंगीत करकोचे, पांढरे शराटी, मुग्धबलाक गोगलगाई फोडत होता. पाणी आटत आलं की मासळी कमी जागेत गोळा होते, मग त्यांची आणि ढीवर काकांची एकाच वेळी सुगी. काका म्हणाले, "आता आमी न थे, दोघंई एकाच ताटात."

मृत हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल. भाचीने तो आज ऐकला आणि विचारलं, "मामा, मृत का म्हणतात?" गेटमधून बाहेर निघत नाही म्हणून, असं सांगितलं. तिने प्रकल्पाच्या अहवालात तो शब्द अवतरणात टाकलाय.

हंस कमी झालेत. चाळीस.

१६ मार्च, रविवार. गेज उणे ०.२४ मी.

होळी झाली, ऊन चढलं. हंस गेले. शुक्रवारी पहाटे उठले असं काका सांगतात.

गेजने आज मला थांबवलं. चौदा दिवसांत २२ सेंटिमीटर. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इथे बाष्पीभवन दिवसाला सहा-सात मिलिमीटर धरतो, म्हणजे नऊ सेंटिमीटर. तेरा सेंटिमीटर गेलं कुठे? गेट बंद, तळ काळ्या मातीचा, झिरपा नगण्य. पाण्याचा पसारा अंदाजे वीस हेक्टर धरला तर तेरा सेंटिमीटर म्हणजे २६ हजार घनमीटर. पाच एचपीची मोटार कमी उंचीवर तासाला पन्नासेक घनमीटर उचलते. रोज दहा तास धरले तर चार मोटारी.

उत्तरेच्या काठाने चालत गेलो. चार मोटारी होत्या.

गणित जुळलं याचा आनंद एक क्षणही टिकला नाही. पाइप उन्हाळी भुईमुगाकडे गेलेत. ज्यांचा भुईमूग आहे त्यांची विहीर फेब्रुवारीतच आटली. पीक फुलावर आहे, आता पाणी तोडलं तर पेरलेलं सगळं गेलं. मी त्यांच्या बांधावर बसून चहा घेतला. त्यांना काय सांगणार? मी एवढंच विचारलं की मे अखेर तळाशी थोडं पाणी राहू द्याल का, गुरांना लागेल, मासळीचं बीज टिकेल. त्यांनी हो म्हटलं. गुरांसाठी म्हटलं. पक्ष्यांसाठी म्हटलं असतं की नाही, मी विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार. गेज उणे ०.५८ मी.

प्रकल्प जमा झालाय. नोंदी चालू ठेवतोय.

शेपटाकडे जेसीबी उभा. गाळ काढायचा आहे, "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" या सरकारी योजनेखाली. गाळ काढायलाच हवा, या तलावाचा साठा कमी झालाय हे मी स्वतः सांगेन, आणि तो गाळ शेतात पडला तर जमीन सुधारते. पण जेसीबीला जिथे सोपं पडतं तिथे तो खणतो, आणि कोरडा उतार म्हणजे शेपूट त्याला सगळ्यांत सोपं. तिथे तीन मीटरचा खड्डा झाला की पुढच्या हिवाळ्यात तिथे बांबू टेकणार नाही.

सरपंचताईंकडे आडवा छेद काढून नेला. पाळीकडचा भाग आणि जुन्या नाल्याची रेघ खोल करा, साठा तिथेच जास्त वाढतो. शेपटाचा उतार सोडा. घनमीटरचा हिशेब दाखवला. त्यांनी विचारलं की मग ट्रॅक्टर पाळीकडून कसा चढेल. प्रश्न बरोबर होता. उजव्या टोकाला रॅम्प कुठे काढता येईल ते जाऊन दाखवलं. दोन दिवसांत सुरुवात तिकडून करू म्हणाल्या. लेखी काही नाही.

परत येताना भाचीने मला कोपराने थांबवलं. भेगाळलेल्या चिखलात, गुराच्या खुराएवढ्या खळग्यात, टिटवीची चार अंडी. टोकं आत वळवलेली, रंग मातीचाच. टिटवी डोक्यावर ओरडत होती. ती कुठे अंडी घालते त्यावरून इथले लोक पावसाचा अंदाज बांधतात : उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी. ही तर तलावाच्या पोटातच. काका हसले, "यंदा पानी उशिरा जी."

त्यांनी चार बाजूंना चार काठ्या रोवल्या आणि जुन्या जाळ्याचा लाल तुकडा बांधला, जेसीबीवाल्याला दिसावा म्हणून. मी रॅम्पच्या जागेपासून अंतर टेपने मोजलं, १८५ मीटर. टिटवी परत येऊन बसेपर्यंत आम्ही लांब बाभळीखाली थांबलो. बारा मिनिटं लागली.

गेटवरची पट्टी कधीच कोरडी पडली आहे. मार्चमध्ये तिच्या पुढे रोवलेला बांबूही आज कोरड्यावर होता, पाणी आणखी आठ मीटर आत. बांबू उपटला, काकांच्या डोंग्यातून नेऊन नव्याने रोवला, डम्पीने पातळी जुळवली. वाचन वर लिहिलंच आहे.